पफिन नव्हते, होडीही नव्हती, २४० पौंड मात्र गेले

आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे ब्रिटनला आले होते आणि आईला पफिन बघायचे होते. नारिंगी चोचीचा तो पक्षी तिने कुठल्याशा कॅलेंडरवर पाहिला होता, तेव्हापासून डोक्यात घेतलेलं. म्हणून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात इन्व्हरनेसहून गाडी काढली आणि नॉर्थ कोस्ट ५०० या किनारी मार्गाच्या एकपदरी रस्त्यांवर, समोरून कोणी आलं की बाजूच्या फुगवट्यात थांबत, स्कॉटलंडच्या वायव्य टोकाकडे निघालो.

होडी आधीच ठरवली होती. वेबसाइटवर लिहिलेलं, ‘पफिन आणि ओर्का (म्हणजे किलर व्हेल) हमखास, नाही दिसले तर पैसे परत.’ दोन तासांसाठी अख्खी होडी आपलीच, हवं तर २० माणसं आणा, २४० पौंड. कार्ड चालेल का विचारलं तर म्हणे मशीन बंद आहे, बँकेतून पाठवा. पाठवताना अ‍ॅपने स्पष्ट बजावलं की खात्याचं नाव जुळत नाही. त्यावर फोनवरचा गोड आवाज म्हणाला, “भावाचं खातं आहे हो, घरचाच धंदा.” मला ते पटलं. का पटलं, हे बायकोला अजून नीट सांगता आलेलं नाही.

ठरल्या वेळी धक्क्यावर पोहोचलो. फोटोतली होडी समोर डुलत होती, त्यामुळे जीव भांड्यात पडला. तो पाचच मिनिटं. होडीवाल्याने वही उघडली आणि मान हलवली. आमचं नाव नव्हतं, तो फोन नंबर त्याचा नव्हता, फोटो मात्र त्याच्याच होडीचा, उचललेला. मी मोबाइलवर ते पान दाखवलं. तो वाचत गेला आणि एकेक खोटं बोटाने दाखवत गेला. पफिन? ते जुलैच्या शेवटी, फार तर ऑगस्टच्या सुरुवातीला बिळं सोडून भर समुद्रात जातात, ते एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ओर्काच्या फोटोत मागे बर्फाने भरलेले डोंगर होते. भर उन्हाळ्यातल्या सहलीच्या जाहिरातीत ते कुठून आले? या किनाऱ्यावर ओर्का येतात, पण त्यांच्या मर्जीने. आणि २० माणसं? त्याच्या होडीला १२ प्रवाशांचीच परवानगी, तसा दाखला केबिनमध्ये लावलेला होता.

हे सगळं मला घरबसल्या कळू शकलं असतं. ‘हमखास’ हा शब्दच खटकायला हवा होता. आमच्यासमोर त्याने दुसऱ्या दिवसाचं बुकिंग घेतलं, तेव्हा गिऱ्हाइकाला आधी वारा आणि लाटांबद्दल सांगितलं, मग सील दिसतील बहुतेक, बाकी नशीब, असं म्हणाला. खरा माणूस असाच बोलतो, आणि आपल्याला तो कमी उत्साही वाटतो!

पैशांचं सांगतो, कारण तिथे खरी अक्कल आली. क्रेडिट कार्डने दिले असते तर १०० पौंडांवरच्या खरेदीला १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम ७५ चा आधार होता, म्हणजे कार्ड कंपनीकडेही पैसे मागता आले असते. (तिकिटं सुटी असतील तर प्रत्येकाची किंमत वेगळी धरतात, तेव्हा सावध.) फसून बँकेतून पाठवलेल्या पैशांसाठी ७ ऑक्टोबर २०२४ पासून भरपाईचा नियम आहे, पण बँक त्यातून १०० पौंडांपर्यंत कापू शकते. माझ्या बँकेने तो नाव न जुळल्याचा इशारा पुढे करून मला बराच वेळ खोदून विचारलं आणि शेवटी १४० पौंड दिले. पोलिसांना १०१ वर कळवलं होतं, त्या तक्रारीचा क्रमांक बँकेत कामी आला. उशीर करू नका, बँकेकडे भरपाई मागायला १३ महिन्यांची मुदत आहे खरी, पण खात्यातले पैसे तोवर थांबत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याच होडीत दोन जागा रिकाम्या झाल्या, आई-बाबा जाऊन आले. सील पाहिले, गॅनेट हे समुद्रपक्षी सरळ पाण्यात सूर मारताना पाहिले. पफिनसाठी आई पुढच्या जूनमध्ये पुन्हा येणार आहे. मी त्या होडीवाल्याला फोन केला तर त्याने आगाऊ पैसे घेतले नाहीत. म्हणाला, आदल्या संध्याकाळी फोन करा, वारा बघून सांगतो.