ओव्हरकॉलचा सराव ब्रिज बेस ऑनलाइनवर: रोबोट कुठे कामाचे, कुठे नाहीत

ब्रिजच्या डावात उजवीकडच्या प्रतिस्पर्ध्याने एक चौकट बोलून बोली उघडली आहे. आता त्यावर तुम्ही बोलायचं की नाही, म्हणजे ओव्हरकॉल करायचा की नाही, हा प्रश्न आहे. तुमच्याकडे पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) बेताचे, पण पाच-पाच पानांचे दोन रंग आहेत. अशा हातांच्या सरावाला फ्रेड गिटेलमन यांनी २००१ मध्ये सुरू केलेली ब्रिज बेस ऑनलाइन ही साइट उत्तम आहे. मात्र टेबल नीट निवडायला हवं.

बेस्ट हँड स्पर्धा या कामाच्या नाहीत. तिथे चौघांत सर्वाधिक किंवा बरोबरीचे पॉइंट तुमच्याकडेच येतात. प्रतिस्पर्ध्याने १२ वर उघडलं, तर तुमच्याकडे किमान १२ असणारच. म्हणजे ८-९ पॉइंटांचा लांब रंगांचा हात, ज्यावर खरा निर्णय घ्यावा लागतो, तो अशा वेळी येतच नाही. त्याऐवजी स्वतःचं टेबल मांडा, रोबोट भाड्याने घ्या आणि पत्तेवाटपाला अटी घाला: डीलर पूर्व (तुमच्या उजवीकडचा), त्याला १२ ते १६ पॉइंट आणि पाच चौकट, दक्षिणेला म्हणजे तुम्हाला ७ ते ११, इस्पिक आणि बदाम किमान पाच-पाच.

रोबोटची खरी चांगली गोष्ट म्हणजे बोलीचा अर्थ. बोलीवर टिचकी मारली की किती पानं, किती पॉइंट ते समोर येतं, आणि पार्टनर रोबोट त्या वर्णनावर पूर्ण विश्वास ठेवतो. एक चौकटीवर दोन चौकट म्हणजे मायकेल्स, दोन्ही मेजर रंग (इस्पिक आणि बदाम) पाच-पाच पानांचे असल्याची सांकेतिक बोली. ही बोली पाच-चारवर लावली, तर तो तीन पानांच्या आधारावर उंच उडी मारतो, डबल (दंड वाढवणारी प्रतिस्पर्ध्याची बोली) बसतो आणि हुकूम अपुरे पडतात. सहा इस्पिक-चार बदाम असतील तर सरळ एक इस्पिक बोला. इस्पिक-किलवर असतील तरीही तेच, कारण दोन नोट्रम्प (बिनहुकमी बोली) हे न बोललेल्या खालच्या दोन रंगांसाठी, म्हणजे इथे बदाम-किलवरसाठी आहे.

आता हे दोन हात पाहा. पहिला: इस्पिक राजा-राणी-१०-७-४, बदाम एक्का-गुलाम-१०-८-३, चौकट ४, किलवर ८-२. दुसरा: इस्पिक राणी-७-५-४-२, बदाम गुलाम-८-६-४-३, चौकट एक्का-राणी, किलवर एकटा राजा. पहिल्यात १० पॉइंट, दुसऱ्यात १२. तरी मायकेल्स पहिल्यावरच. तिथे सगळी चित्रं लांब रंगांत आहेत आणि दहा-आठ त्यांना आधार देतात. दुसऱ्यात चौकटीची एक्का-राणी उघडणाऱ्याच्या मागे बसली आहे. ती बचावात दोन ट्रिक (जिंकलेल्या फेऱ्या) देईल, पण तुमचे हुकूम पोकळ आहेत. तिथे एक इस्पिक पुरे. रोबोटच्या वर्णनातला टोटल पॉइंटचा आकडा वाचून हा फरक कळणार नाही. तो स्वतः शिकावा लागतो, आणि मला तर हाच या खेळातला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो.

व्हल्नरेबिलिटीही, म्हणजे बोनस आणि दंड वाढलेले आहेत की नाहीत (नसतील तर 'नॉन'), बदलून पाहा. तुम्ही नॉन आणि ते व्हल्नरेबल असतील, तर त्यांच्या जमलेल्या चार बदामांच्या ६२० गुणांसमोर डबलमध्ये तीन ट्रिक कमी पडूनही तुमचे ५००च जातात. दोघेही नॉन असतील, तर ४२० समोर दोन ट्रिक (३००) चालतात, तीन नाही. तुम्ही व्हल्नरेबल असताना दोनच ट्रिकला ५०० जातात. तिथे रिकाम्या रंगांवरचा ओव्हरकॉल महागात पडतो.

डाव संपल्यावर जुन्या हातांच्या नोंदीत जिआयबी (रोबोटमागचा प्रोग्रॅम) बटण दाबलं, की कोणत्या पानाने किती ट्रिक झाल्या असत्या ते दिसतं. खेळ तपासायला ते उत्तम आहे. बोली तपासायला जपून वापरा, कारण ते चारही हात पाहून सांगतं. एका डावात ओव्हरकॉल फसला म्हणून तो चूक ठरत नाही. त्याच अटींचे वीसेक डाव खेळा आणि दर डावाला एवढंच लिहून ठेवा: चित्रं लांब रंगांत होती की आखूड, आणि डबल बसल्यावर किती गुण गेले.