खग्रास चंद्रग्रहणासाठी रणात जाताना: टेलिफोटो की वाइड?

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री भारतातून खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे. पावणेदहाच्या सुमारास चंद्र पूर्ण सावलीत शिरेल आणि जवळजवळ ७१ मिनिटं तिथेच राहील. सप्टेंबर २०२५ चं ग्रहण आपल्याकडे ऐन पावसाळ्यात आलं होतं. हे थंडीतलं आहे, ढगांची धास्ती कमी. कच्छच्या रणात, धोलावीराच्या बाजूला जायचा बेत असेल तर आधी लेन्सचं ठरवा: दूरचं जवळ आणणारी टेलिफोटो की बराच मोठा देखावा टिपणारी वाइड?

४०० मिमी टेलिफोटोने सेन्सरवर साधारण साडेतीन मिलिमीटरचा चंद्र उमटतो. तांबूस रंगाच्या छटा, काळसर डाग, सावलीच्या कडेची निळसर झाक, सगळं मिळतं. अडचण वेळेची. साध्या ट्रायपॉडवर एक सेकंदाचं एक्स्पोजरसुद्धा चंद्र पुसट करतं, म्हणून आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १६०० च्या वर न्यावा लागतो, नाहीतर स्टार ट्रॅकर, म्हणजे आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र, हवा. तो ध्रुवताऱ्याशी नीट जुळवायचा. त्यात रणातल्या मिठाच्या पापुद्र्याखाली ओल असते, ट्रायपॉडचे पाय रुतू शकतात. खाली फळीचे तुकडे ठेवा.

पण खरं सांगायचं तर हा फोटो पुण्यातल्या गच्चीवरूनही जवळपास तसाच येतो. लांब लेन्सला आकाशाचा एवढासा तुकडा दिसतो, शहराच्या उजेडाने तिचं फारसं बिघडत नाही.

वाइडचं तसं नाही. तिला काळोखच लागतो. पौर्णिमेला चांदण्या लोपलेल्या असतात. खग्रास सुरू झालं की त्याच आकाशात त्या दाटीने उमलतात. त्या रात्री चंद्र आर्द्रा आणि पुनर्वसूच्या मधे, हिवाळी आकाशगंगेच्या फिकट पट्ट्याजवळ असेल, उजवीकडे अख्खं मृग नक्षत्र. ग्रहणमध्याला तो पूर्वेकडे सुमारे ५५ अंश उंच असेल. म्हणून २० मिमी लेन्स, कॅमेरा उभा. तेव्हा कुठे खालचं पांढरं रण आणि चंद्र एका चौकटीत बसतात. छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, आठ-दहा सेकंद. चंद्र टिकलीएवढाच येईल आणि थोडा फटफटेल, त्याच्यासाठी एक-दोन सेकंदांची वेगळी चौकट घेऊन ठेवा. दव पडलं तर काच धुरकटते, लेन्सला हीटरचा पट्टा बांधा.

कॅमेरा एकच असेल तर मी डोळे झाकून वाइड निवडेन. एवढा प्रवास त्या काळोखासाठीच तर आहे. दुसरा कॅमेरा असेल तर टेलिफोटो ट्रॅकरवर चढवा.

मुक्काम मात्र धोरडोच्या, म्हणजे रणोत्सव भरतो त्या गावच्या, तंबूनगरीत नको. रणोत्सवाचे दिवे, त्यात वर्षअखेरची रात्र.