गव्हर्नेसची नोकरी की वेलिंग्टनचं जहाज?

एकोणिसाव्या शतकात घर नकोसं झालेल्या इंग्लिश मुलीपुढे, लग्न सोडलं तर, वाटा थोड्याच. एक म्हणजे गव्हर्नेस (मालकाच्या घरी राहून मुलांना शिकवणारी बाई) होणं. पुढे कादंबरीकार झालेल्या शार्लट ब्राँटेला १८४१ साली वर्षाला २० पौंड ठरले; त्यातले ४ धुलाईपोटीच कापले जात. वर मालकांचं शिवणकाम!

तिची मैत्रीण मेरी टेलर मात्र १८४५ साली जहाजात बसली नि काही महिन्यांनी न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला उतरली. (भाऊ आधीच तिथे होता, हे विसरू नये.) १८५० मध्ये चुलतबहीण एलनबरोबर तिने दुकान थाटलं. पुढच्याच वर्षी एलन वारली. दुकान मेरीने एकटीने रेटलं. एकटेपण शार्लट नि मेरी दोघींच्याही वाट्याला आलं, पण मला विचाराल तर दुकानच बरं. गल्ला तरी आपला! इंग्लंडला परतल्यावर मेरी यॉर्कशरला स्वतःच्या घरात राहिली.