स्टीव्हन्स-जॉन्सननंतरचे कोरडे डोळे: एकदाच वापरायच्या कुप्या घ्याव्यात का?

स्टीव्हन्स-जॉन्सन या औषधाच्या गंभीर रिअ‍ॅक्शननंतर सोलवटलेली कातडी काही आठवड्यांत भरून येते, डोळे मात्र वर्षानुवर्षं त्रास देतात. त्यात सोलापूरचा मे महिना, यंत्रमागाची कापसाची धूळ किंवा विड्या वळताना उडणारी तंबाखूची पूड. अशा डोळ्यांत दिवसाला आठ-दहा वेळा थेंब घालावे लागतात. म्हणून ०.५ टक्के सीएमसीच्या (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे कृत्रिम अश्रू), प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवणारं रसायन) नसलेल्या, एकदाच वापरायच्या कुप्यांबद्दल हे थोडं.

मेडिकलमध्ये फक्त ‘कोरड्या डोळ्यांचे ड्रॉप्स’ मागितलेत तर बहुधा साधी बाटली हातात पडेल. तिच्या लेबलवर बेंझाल्कोनियम क्लोराईड हे प्रिझर्व्हेटिव्ह आहे का बघा. दिवसातून दोनदा घालणाऱ्याला ते सहसा बाधत नाही, पण दहा वेळा गेलं की बुबुळावरचा नाजूक थर त्यानंच खराब होतो. चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर कुप्याच घ्या. महाग पडतात, हे खरं. व्हॉल्व्हची प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली बाटली हा दुसरा चांगला पर्याय, फक्त ती दाबायला बोटांत जोर लागतो.

कुपीचं टोक पिळून तोडायचं असतं. रिअ‍ॅक्शनमध्ये नखं गेली असतील किंवा वेडीवाकडी आली असतील तर हे जड जातं, घरच्यांकडून तोडून घ्या. पहिला थेंब बाहेर टाका, प्लॅस्टिकचा कण असला तर निघून जातो. एका वेळी एकच थेंब. डोळ्यात त्याहून जास्त मावत नाही, दुसरा गालावरच ओघळतो. पापणी आतून बुबुळाला चिकटली असेल तर ती ओढू नका. आडवं पडून नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडा आणि हळूच उघडझाप करा. दुसरं औषध पाच-दहा मिनिटांनी, मलम सगळ्यात शेवटी. उघडलेली कुपी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत तर नकोच.

थेंबांकडून काय होणार नाही, तेही सांगायला हवं. आत वळलेली पापणीची केसं थेंबांनी थांबत नाहीत. उपटली तरी महिन्या-दीड महिन्यात परत येतात. पापणीची आतली कड जाड, खरखरीत झाली की प्रत्येक उघडझापीला सँडपेपर फिरल्यासारखं बुबुळ घासलं जातं. तिथं ओठाच्या आतल्या त्वचेचं रोपण किंवा स्क्लेरल लेन्स (बुबुळाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसणारी मोठी लेन्स), हा मार्ग. ‘प्रोज’ ही अशीच एक लेन्स हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत बसवतात, आणि सोलापूरहून हैदराबादची गाडी सोयीची आहे. ही लेन्स भरायचं सलाईनही प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच लागतं.

रिअ‍ॅक्शन आणणाऱ्या औषधाचं नाव लिहिलेला कागद मेडिकलवाल्याला आधी दाखवा. सल्फाची रिअ‍ॅक्शन असेल तर सल्फासेटामाइडचे डोळ्यांचे थेंबही वर्ज्य. स्टेरॉइडचे थेंब मनानं घेऊ नका. अचानक दुखणं वाढलं, उजेड सोसेना किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर कुप्या बाजूला ठेवून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.