खरवड आवडणाऱ्या बाईने नऊ महिने गोड खाल्लं, त्याचा अनुभव

पंगतीत जिलबीवाला दोन पानं अलीकडे असतानाच मी ताटावर हात आडवा धरते. तरी मागून कुणीतरी आत्या येऊन बोटांच्या फटीतून एक जिलबी सोडतेच, आणि ती शेजारी बसलेल्या ह्यांच्या पानात जाते. पंचवीस वर्षं आमच्यात हीच वाटणी आहे. श्रीखंड, गुलाबजाम, वाढदिवसाच्या केकवरचं क्रीम, सगळं तिकडे.

गेल्या दिवाळीत भाची म्हणाली, "मावशी, तू मेन्यूकार्डाचं शेवटचं पान कधी उघडलंयस का गं?" नव्हतं उघडलं. मग पैज लागली. श्रावण लागेपर्यंत बाहेर जेवलं की शेवटी एक गोड मागवायचं, निदान चार चमचे खायचे, आणि आवडलंच तर पुन्हा तिथे जाऊन तेच परत खाऊन बघायचं. हा परत जाण्याचा नियम तिचा, आणि तोच कामाचा निघाला. पहिल्या खेपेला गप्पांच्या नादात काहीही बरं लागतं. नऊ महिन्यांत बावीस प्रकार झाले, त्यातले चार टिकले.

पहिला मान कॅरमल कस्टर्डचा. माझं ऑफिस बॅलार्ड इस्टेटला, त्यामुळे ब्रिटानिया चालत पाच-सात मिनिटांवर. १९२३ सालचं हे इराणी हॉटेल. लोक जातात ते बेरी पुलावासाठी, मीही कित्येक वर्षं तेवढंच खाऊन उठत होते. पैजेमुळे कस्टर्ड मागवलं. बशीत पिवळसर वडी, वरून तपकिरी रस ओघळलेला. चमचा लावला की आधी किंचित थरथरते, मग कापली जाते. पहिल्या घासाला दूध-अंड्याचा मऊपणा, आणि गोड आता डोक्यात जाणार असं वाटतंय तोवर मागून कडवटपणा येतो. तिथे मी थांबले. ही चव ओळखीची होती.

आई बासुंदी आटवायची तेव्हा मला बासुंदी नको असायची, पातेलं हवं असायचं. तळाला धरलेली ती खरवड उलथन्याने खरवडून, ओट्याशी उभ्यानेच खायची. भावंडं हसायची. कॅरमलमध्ये तीच गंमत आहे. साखर पातेल्यात वितळवत न्यायची. सोनेरी झाल्यावर उतरवली तर नुसता पाक, पण तांबूस-तपकिरी होऊन धूर निघायच्या बेतात असताना उतरवली तर कडू धार येते. मधे फार वेळ नसतो. म्हणून पुष्कळ ठिकाणी भीतीने लवकर उतरवतात आणि कस्टर्डवर साखरेचं पाणी मिळतं. मी आता रसाचा रंग बघूनच चमचा उचलते. चहाच्या रंगाचा असेल तर हो, मधाच्या रंगाचा असेल तर ह्यांच्याकडे. नऊ महिन्यांत ब्रिटानियात सहा वेळा खाल्लं, सहाही वेळा बशी रिकामी.

दुसरं गोव्यात सापडलं. नाताळच्या आधी पणजीला गेलो होतो, तिथे बिबिंक. नारळाचं दूध, अंड्याचे बलक, पीठ, साखर, तूप. यादी वाचूनच मला धडकी भरली होती. पण करायची रीत ऐकल्यावर जिवात जीव आला. एक थर ओतायचा, वरून आच देऊन तो लालसर भाजायचा, मग त्यावर दुसरा. असे निदान सात. पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून भाजत. म्हणजे प्रत्येक थराला आपली आपली खरवड! २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. वेटरने ते कोमट करून आणलं, सोबत व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा. गोळा मी ह्यांच्याकडे सरकवला आणि तुकड्याची कडा खाल्ली. कडेला थर जास्त खरपूस असतात. दोन बोटं रुंदीपेक्षा मोठा तुकडा मात्र मला जात नाही, आणि गार अजिबात खाऊ नये, तुपाचा थर टाळ्याला चिकटून बसतो. केवळ परत जायचा नियम पाळायला मे महिन्यात पुन्हा गोवा गाठलं असं सांगितलं तर खोटं ठरेल. आंबेही होते, कारण तेही होतं.

त्याच जेवणात सेरादुरा आला. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ लाकडाचा भुसा. बिस्किटाचा चुरा आणि गोड क्रीम यांचे थर. नाव फार आवडलं. चार चमचे खाल्ले, नियम म्हणून.

मग पियूष. हे पेय की गोड, यावर घरात अजून एकमत नाही. प्याल्यातून येत असलं तरी माझ्या वहीत ते गोडातच आहे. दादरच्या प्रकाशमध्ये साबुदाणा वड्यानंतर घेतलं. श्रीखंडाचा नातेवाईक असूनही चालतं, कारण ताकाचा आंबटपणा तळाशी असतो आणि जायफळाची किंचित कडसर झाक येते. वड्यातल्या मिरचीने तोंड पेटलेलं असताना तर अमृतच. पूर्ण ग्लास एकटीने मात्र नाही, भाचीबरोबर अर्धा-अर्धा.

गोडाला कडू किंवा आंबट धार असेल तरच ते मला चालतं, हा माझा सिद्धान्त चौथ्याने मोडला. चर्चगेटला ब्रेबर्न स्टेडियमलगतचं के. रुस्तम हे आइस्क्रीमचं दुकान, १९५३ पासूनचं. दोन पातळ वेफर बिस्किटांमध्ये आइस्क्रीमची वीट, कागदात धरून फुटपाथवर उभ्याने खायची. यात करपलेलं काही नाही, आंबट काही नाही. मी कॉफीचं घेतलं, म्हणजे थोडा कडूपणा आहे म्हणा, पण खरं काम थंडी करते. जिभेला गार पदार्थ कमी गोड लागतो. तेच आइस्क्रीम वितळू दिलं की साखर अंगावर येते. आणि बिस्किटाला जवळजवळ चवच नाही, तेच बरं. अट एकच, बोलत बसायचं नाही. कडा ओघळायला लागल्या की चारी बाजूंनी चाटत जायचं. एप्रिलच्या दुपारी एका हातात पर्स सांभाळत हे करताना ऑफिसातले साहेब समोरून आले, तो भाग सोडून देऊ.

उरलेल्या अठरांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एका मॉलमधलं तिरामिसू विशेष लक्षात राहिलं. कॉफीत भिजवलेल्या कडक बिस्किटांच्या जागी साधा स्पंज केक, वर कोको भुरभुरवलेला, आणि कॉफीचा पत्ता नाही. बास्क चीजकेक दोनदा मागवला. स्पेनमधल्या सान सेबास्तियानच्या ला विन्या या रेस्टॉरंटचा हा पदार्थ, वरून काळपट जाळलेला असतो म्हणून मी मोठ्या आशेने गेले. एका कॅफेत तो वरून गोराच, त्यावर ब्लूबेरीचा मुरांबा. अरे, जाळायचाच नव्हता तर हे नाव कशाला? दुसरीकडे नीट काळा होता, पण परत जायला जमलं नाही, म्हणून तो चारांत नाही.

आणि एक कबुली. सिझलिंग ब्राउनी मला आवडली नाही, पण गरम तव्यावर सांडलेला चॉकलेट सॉस कडेला करपून पापडासारखा झाला होता, तो मी चमच्याने खरवडून खाल्ला. चर्र चर्र आवाज येत होता. हे हळूच म्हणाले, "अगं, लोक बघतायत." बघू देत. वेटरने मात्र तवा उचलायची घाई केली नाही.

पैज संपल्यावर मागच्या शनिवारी ह्यांना ब्रिटानियात घेऊन गेले. इतके महिने माझं नुसतं वर्णन ऐकत होते. दोन कस्टर्ड मागवली. ह्यांनी पिवळा भाग दोन मिनिटांत संपवला, मग बशीतल्या रसाला चमचा लावून तोंड वाकडं केलं. "कडू झालंय गं हे," म्हणाले आणि बशी माझ्याकडे सरकवली.