हिटलर की तुघलक? हुकूमशहा परत आणणाऱ्या एकांकिकेसाठी

मेलेला हुकूमशहा आजच्या गर्दीत परत येतो, लोक त्याला नकलाकार समजतात, आणि तो मात्र प्रत्येक शब्द मनापासून बोलतो. युवक महोत्सवासाठी ही कल्पना घेतली की पहिला प्रश्न, आणायचं कुणाला? आपल्याकडे शेवटपर्यंत दोनच नावं टिकतात. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी मी लगेच बाजूला ठेवला. १९४८ अजून घराघरांत ताजं आहे. प्रेक्षक हसणार नाही आणि त्यानं हसावं असं मलाही वाटत नाही.

हिटलरची बाजू भक्कम आहे. ३० जानेवारी १९३३ला तो रीतसर नेमणूक होऊन चॅन्सेलर झाला, त्यामुळे ‘याला आपणच वर चढवलं’ हा बोचरा भाग आयता मिळतो. २०१२च्या गाजलेल्या जर्मन कादंबरीत तो बर्लिनमध्ये जागा होतो. तिथल्या वाचकाच्या आजोबांनी त्याला मत दिलेलं असू शकतं, म्हणून तिथलं हसू घशात अडकतं. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात उतरवला की ते ओझं उरत नाही. मिशी दिसताच टाळ्या, आणि पुढे नुसती नक्कल.

तेही एक वेळ निभावलं असतं. माझं अडलं भाषेवर. हा माणूस मराठी का बोलतो? दुभाष्या ठेवला तर प्रत्येक वाक्य दोनदा येतं, तीस मिनिटं पुरत नाहीत आणि हशाची जागा हुकते. मोडकं मराठी दिलं तर प्रेक्षक उच्चारांना हसतो. खरं तर त्याच्या बोलण्यावर माना डोलायला हव्यात, त्या डोलत नाहीत. शुद्ध मराठी दिलं तर चहावाल्याच्या ‘कुठल्या गावचे?’ला उत्तर नाही.

तुघलकाला हा त्रासच नाही. १३२७च्या सुमारास त्यानंच दिल्लीची माणसं दौलताबादेत आणली आणि त्यांच्या बोलीतून इथली दखनी वाढली. किल्ल्याच्या पायथ्याशी तो तोंड उघडतो, टपरीवाला ‘क्या होना चाचा?’ म्हणतो, आणि प्रवेश सुरू. प्रसंगही हाताशी आहेत. त्यानं तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या भावानं चालवली, लोकांनी ती घरोघर पाडली, शेवटी खजिन्यातून सोनं-चांदी देऊन परत घ्यावी लागली. टपरीवरचा क्यूआर कोड बघून त्यानं फक्त ‘ये घर में नहीं बनता?’ विचारावं. पडलेला दात त्यानं बीडजवळ पुरून त्यावर कबर बांधली, असं इतिहासकार फरिश्ता लिहितो. तो दात शोधायला निघालेला सुलतान हा चॅनेलवाल्यांसाठी उत्तम प्रवेश.

अडचण एकच. ‘तुघलकी कारभार’ रोज पेपरात वाचून प्रेक्षक त्याला वेडा धरूनच बसतो. म्हणून पहिला अर्धा भाग त्याला शहाणा ठेवा. दुष्काळात त्यानं शेतकऱ्यांना उचल आणि विहिरींना पैसे दिले होते. मुलाखतीत या उचलीवर, म्हणजे तगाईवर, बोलू द्या, तेही आवाज न चढवता. धर्माचा विषय संवादांत अजिबात नको. एकदा तो शिरला की सत्तेवरचा रोख सुटतो आणि नाटक हातातून जातं.

आणि विसाव्या मिनिटाला फर्मान: ‘मंत्रालय उद्यापासून दौलताबादला.’ अनुशेषाच्या गोष्टी ऐकत वाढलेलं मराठवाड्याचं सभागृह इथं टाळ्या वाजवणार, हे बहुधा गृहीत धरायला हरकत नाही. हिटलरला असं वाक्य देता येईल असं मला तरी वाटत नाही. टाळ्या पूर्ण विरेपर्यंत नटानं थांबावं, प्रकाश बदलू नये, आणि मग त्याच स्वरात फर्मानाचा उरलेला भाग वाचावा: सगळी मुंबई, चालत, महिनाभरात.