बाबांचे बळ ओसरते तेव्हा: ‘द इनक्रेडिबल्स: फॅमिली मॅटर्स’

अ‍ॅनिमेशनपटावर बेतलेले कॉमिक म्हटले की पडद्यावरची दृश्ये चौकटींत बसवून आणि संवाद फुग्यांत कोंबून घाईने बाजारात आणलेला माल हाती पडण्याची भीती असते. ‘द इनक्रेडिबल्स: फॅमिली मॅटर्स’ हे पुस्तक त्या जातीचे नाही. ब्रॅड बर्ड यांनी दिग्दर्शित केलेल्या, पिक्सारच्या २००४ मधील ‘द इनक्रेडिबल्स’ या, अचाट शक्ती असलेल्या कुटुंबावरच्या चित्रपटाची कथा ते पुन्हा सांगत नाही (ते काम डार्क हॉर्स या कॉमिक्स प्रकाशनाने त्याच सुमारास उरकले होते), तर त्यानंतरची एक नवी गोष्ट सांगते. बूम! स्टुडिओज या प्रकाशनाने ती २००९ मध्ये चार अंकांत प्रसिद्ध केली आणि मग ते अंक एकत्र बांधून पुस्तक काढले. हा चित्रपट आपल्याकडे ‘हम हैं लाजवाब’ या हिंदी रूपातही आला होता आणि त्यात शाहरुख खान यांनी वडिलांना, तर आर्यन खान याने धाकट्या, वेगवान मुलाला आवाज दिला होता, हे अनेकांना आठवत असेल.

कथेचे बीज साधे आहे. बॉब पार, म्हणजेच मिस्टर इनक्रेडिबल, याची ताकद हळूहळू ओसरू लागते आणि तो ही गोष्ट बायकोमुलांपासून लपवतो. चित्रपटातही तो घरी खोटे सांगून पराक्रम गाजवायला बाहेर पडत होता आणि त्याची बायको हेलन हिला भलताच संशय येत होता. तेव्हा बळ लपवायचे होते, आता दुबळेपण. संतापाच्या भरात मोटार डोक्यावर उचलून धरणारा बॉब आणि तिचाकीवर बसून आ वासून पाहणारा शेजारचा पोरगा ज्यांच्या लक्षात आहे, त्यांना त्याच माणसाचे हात थकलेले पाहताना बसणारा धक्का वेगळा सांगायला नको. मुलांच्या पुस्तकात वडिलांची अशी अगतिकता सहसा येत नाही, आणि आली तरी उपदेशाच्या वेष्टनात येते. इथे ती प्रसंगांतून येते, म्हणून पटते.

याचे श्रेय लेखक मार्क वेड यांना. विजेच्या वेगाने पळणाऱ्या नायकाचे ‘फ्लॅश’ हे कॉमिक त्यांनी अनेक वर्षे लिहिले आणि २००२ पासून चित्रकार माइक विरिंगो यांच्यासोबत ‘फँटॅस्टिक फोर’ही सांभाळला. लवचीक शरीर, अदृश्य होणारी मुलगी, अफाट ताकद आणि घरातली धुसफूस या साऱ्या गोष्टी १९६१ मध्ये सुरू झालेल्या त्या जुन्या कॉमिकमध्ये आधीपासूनच होत्या. त्यामुळे पार कुटुंब वेड यांच्या हाती येणे म्हणजे माहेरी परतण्यासारखेच होते. पार कुटुंबातल्या डॅशसारखा पळणारा मुलगा कागदावर कसा पळवायचा, हेही ‘फ्लॅश’च्या लेखकाला वेगळे शिकवावे लागत नाही.

चित्रकार मार्सिओ ताकारा यांनी पडद्यावरची गोलाई आणि चकाकी कागदावर आणण्याचा हट्ट धरलेला नाही. त्यांची रेषा टोकदार, काहीशी सैल आहे आणि तोच निर्णय मला योग्य वाटतो. एलास्टिगर्लचे, म्हणजे हेलनचे, लांबलेले शरीर तर मुळात कॉमिकसाठीच जन्मलेले आहे: पडद्यावर ते क्षणात आखडते, पानावर मात्र वाचकाला हवे तितका वेळ ताणलेलेच राहते. चित्रपटातल्या मायकल जियाकिनो यांच्या संगीताची उणीव मात्र हाणामारीच्या पानांवर जाणवते, त्याला इलाज नाही.

उणिवा आणखीही आहेत. चित्रपटातल्या सिंड्रोमसारखा, ज्याच्या द्वेषामागे लहानपणीची जखम आहे असा खलनायक इथे एकही नाही. जे आहेत ते पुस्तक मिटताच विसरले जातात. शिवाय दर अंकाच्या शेवटी वाचकाला टांगून ठेवण्याची सक्ती असल्यामुळे, सलग वाचताना ते झटके ओढूनताणून आणल्यासारखे वाटतात.

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या, इंग्रजी बऱ्यापैकी वाचणाऱ्या मुलांना हे पुस्तक निर्धास्तपणे द्यावे. चित्रपटात दिसणारे मृत्यू पाहता हे त्याहून सौम्यच आहे. चित्रपट आधी दाखवलेला असावा, कारण पात्रांची ओळख करून देण्यात वेड वेळ घालवत नाहीत. नवी प्रत मिळणे अवघड आहे. डिस्नेने ऑगस्ट २००९ मध्ये मार्व्हल ही कॉमिक्स कंपनी विकत घेण्याचे जाहीर केले आणि पुढे पिक्सारची कॉमिक्स मार्व्हलकडे गेली. तेव्हा जुन्या पुस्तकांच्या दुकानात चौकशी करावी, आणि सुटे अंक घेण्यापेक्षा एकत्रित पुस्तकच घ्यावे.